कात्रजच्या उतारावर ‘वेग नाही’?



‘शहरात वेगच नसतो, मग हेल्मेट कशाला?’ हा आपल्या अंकातील एका पत्रलेखकाचा मुद्दा पुण्यातल्या कात्रजला तरी टिकत नाही. घाटाचा उतार संपतो तिथेच ट्रक, पीएमपीच्या बस आणि दुचाक्या एकमेकांत घुसतात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. अर्थात, ते डोक्यावर असेल तर. आपल्याकडे ते बहुधा कोपरात लटकते आणि चौकीजवळ चढते, तेही पट्टा न लावता. आधी खड्डे बुजवा, हे म्हणणे रास्तच. पण खड्डा बुजेपर्यंत डोके उघडे का ठेवायचे? आणि सक्ती नवी म्हणाल, तर हेल्मेटचे कलम १२९ हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले. पुण्यातल्या जानेवारी २०१९ च्या सक्तीने ते नव्याने आणलेले नाही.

— एक वाचक, कात्रज