कंपायलरची किमान अट

जीसीसी या मुक्त कंपायलरची १५ वी आवृत्ती २५ एप्रिल २०२५ रोजी आली. तिच्यात कोबोलला प्रवेश मिळाला, सी भाषेचे २०२३ चे मानक मूळ धरले गेले, आणि या दोन्ही गोष्टींची दखल घेतली गेली. तिसरा बदल मात्र कंपायलर बांधणाऱ्यांच्या वर्तुळातच राहिला. यापुढे जीसीसी सोर्समधून बांधायचा असेल, तर हाताशी सी++१४, म्हणजे सी++ भाषेचे २०१४ चे मानक, समजणारा कंपायलर हवा. आधी सी++११ वर भागत असे. वरवर पाहता हा तांत्रिक तपशील आहे. पण ज्या अवजारावर लिनक्स कर्नल घडतो, छोट्या उपकरणांतले असंख्य प्रोग्राम घडतात, त्या अवजाराची किमान अट वाढवणे म्हणजे ओळख ना पाळख अशा हजारो लोकांच्या वतीने घेतलेला निर्णय असतो. तो कसा घेतला गेला, हे नीट पाहायला हवे.

कंपायलर बांधायला कंपायलरच लागतो. आजच्या दह्याला कालच्या दह्याचे विरजण लागते, तसे. जीसीसीची नेहमीची बांधणी तीन टप्प्यांत होते. यंत्रावर आधीपासून असलेला कंपायलर पहिला जीसीसी घडवतो, त्या पहिल्याने त्याच सोर्समधून दुसरा घडतो आणि दुसऱ्याने तिसरा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ऑब्जेक्ट फायली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. त्या तंतोतंत जुळल्या तर पडद्यावर ‘कम्पॅरिझन सक्सेसफुल’ उमटते. एक फाईल जरी वेगळी निघाली तरी ‘बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर’ म्हणून बांधणी तिथेच थांबते. नवी अट लागू होते ती पहिल्या टप्प्याला, म्हणजे आधीपासून हाताशी असलेल्या त्या परक्या कंपायलरला. पुढचे दोन टप्पे जीसीसी स्वतःच्या बळावर पार पाडतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी जगापुढे ठेवला, तेव्हा तो सीमध्ये लिहिलेला होता. कर्निगन-रिची काळातल्या जुन्या वळणाच्या कंपायलरनेही तो बांधता येत असे, आणि ही मुभा २००४ च्या ३.४ आवृत्तीपर्यंत टिकली. तिथून १९८९ च्या प्रमाण सीची अट आली. २०१३ मध्ये ४.८ आवृत्तीने सीचा उंबरठा ओलांडला आणि सी++९८ ची अट घातली. २०२१ च्या ११ व्या आवृत्तीने सी++११ मागितले, आता सी++१४. प्रत्येक मानकाचे वर्ष आणि त्याची सक्ती झाल्याचे वर्ष शेजारी मांडून पाहा. पहिल्या दोन वेळी पंधरा-पंधरा वर्षांचे अंतर आहे, नंतर दहा, या वेळी अकरा. दहा वर्षांच्या आत या प्रकल्पाने एकदाही घाई केलेली नाही.

मग थोडे आणखी थांबले असते तर काय बिघडले असते? थांबण्याचीही किंमत असते, आणि ती रोज चुकवावी लागते. सी++११ मध्ये ‘युनिक पॉइंटर’ आला, पण तो सुरक्षितपणे घडवणारे ‘मेक युनिक’ हे छोटे फंक्शन राहून गेले. ते आले २०१४ च्या मानकात. जुन्या अटीत अडकलेल्या जीसीसीच्या लेखकांना या चार ओळींच्या सोयीसाठी स्वतःची पर्यायी फाईल सांभाळावी लागत होती. अट वाढली आणि त्या फाईलची गरजच संपली. बांधणीच्या वेळीच उत्तर काढून ठेवणाऱ्या ‘कॉन्स्टएक्स्पर’ फंक्शनचेही तेच. सी++११ मध्ये त्यात व्यवहारतः एकच रिटर्न विधान चाले. साधा लूप फिरवायचा तरी रिकर्जनचे आढेवेढे घ्यावे लागत. सी++१४ ने त्यात लूप आणि स्थानिक व्हेरिएबल येऊ दिले. लाखो ओळींच्या प्रकल्पात अशी आडवळणे साठत जातात, आणि आज भाषा शिकून आलेला तरुण पहिला पॅच लिहायला बसतो तेव्हा त्याला आजोबांच्या काळचे संकेत आधी शिकावे लागतात. मुक्त प्रकल्प नव्या हातांवर जगतात. त्यांना दारातच अडवणे परवडणारे नाही.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ७ व्या आवृत्तीबरोबर जीसीसी ४.८ येत असे, आणि बँका, कारखाने, संशोधन संस्था यांच्या यंत्रांवर ती प्रणाली वर्षानुवर्षे चालली. ११ व्या आवृत्तीची अट नेमकी ४.८ ने भागेल अशी होती. त्या प्रणालीचा नियमित देखभालीचा काळ ३० जून २०२४ रोजी संपला आणि त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या आवृत्तीत अट वाढली. आता जीसीसी ५.४ पुरतो, म्हणजे २०१६ मधला कंपायलर. त्या काळच्या यंत्रालाही आजचा कंपायलर थेट बांधता येतो. आमच्या मते हे प्रमाण योग्य आहे.

इतरांची चाल याहून वेगवान आहे. एलएलव्हीएम या दुसऱ्या मुक्त कंपायलर प्रकल्पाने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत सी++१७ सक्तीचे केले. गो भाषेचा कंपायलर २०१५ मध्ये सीमधून गोमध्ये आला, आणि आता तो बांधायला साधारण वर्ष-दीड वर्षापूर्वीचा गो लागतो. रस्टची नवी आवृत्ती तर लगतच्या आधीच्या आवृत्तीने बांधायची असते, आणि तिथे दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. या वेगाने लेखकांचे काम सोपे होते हे मान्य. पण ज्याच्याकडे तयार बायनरी नाही, त्याला एकामागून एक कितीतरी आवृत्त्या बांधत वर चढावे लागते. जीसीसीचा मार्ग मात्र आखूड राहिला आहे. यंत्रावर नुसता सी कंपायलर असेल तर आधी ४.७, तिच्याने १०, आणि तिच्याने १५. मध्ये फक्त दोन मुक्काम.

हा मार्ग शाबूत राहण्याला सोयीपलीकडचे कारण आहे. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते, की कंपायलरच्या बायनरीत दडवलेली खोड सोर्समध्ये मागमूसही न ठेवता पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ शकते. सोर्स कितीही वाचला तरी ती सापडणार नाही. म्हणूनच तळापासून सगळे पुन्हा बांधून पाहण्याची वाट खुली हवी. ग्वीक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटच्या प्रोग्रामपासून सुरुवात करून, पायरी पायरीने, आधुनिक जीसीसीपर्यंत पोहोचून दाखवले. जुन्या सी-काळातल्या जीसीसी आवृत्त्या हा त्या प्रवासातला अटळ टप्पा आहे. त्या जीएनयू प्रकल्पाच्या संग्रहात जपलेल्या आहेत, पण नुसते जपणे पुरत नाही. २०१७ मध्ये जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.२६ आवृत्तीने एका अंतर्गत रचनेचे नाव बदलले आणि अनेक जुने जीसीसी नव्या यंत्रांवर बांधताना अडखळू लागले. दुरुस्तीचे पॅच कुणीतरी लिहिले म्हणून वाट सुरू राहिली. अट वाढवणाऱ्यांनी मागच्या मुक्कामांची अशी डागडुजी हीही आपलीच जबाबदारी मानली पाहिजे. आज ती बरीचशी मोजक्या स्वयंसेवकांवर पडते, आणि हे बरोबर नाही.

ही चर्चा दूरची वाटेल, पण महाराष्ट्राचाही या कंपायलरशी संबंध आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि जीसीसीचे अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. त्याच राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र निळ्या पडद्याचा, डॉसच्या जमान्यातला टर्बो सी++ आजही आढळतो. तो १९९८ च्या पहिल्या सी++ मानकाच्याही आधीचा आहे. त्यावर शिकलेला विद्यार्थी ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ लिहितो, आणि जीसीसी ते नाकारतो. ती जुनी फाईल जीसीसीने २००८ च्या ४.३ आवृत्तीतच काढून टाकली. तीस वर्षे अट न वाढवण्याची किंमत ही अशी, आणि ती विद्यार्थी मोजतात. जीसीसी विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावर चालतो. अभ्यास मंडळांनी येत्या सत्रापासून टर्बो सी++ प्रयोगशाळेबाहेर काढावा. शिक्षकांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून एकदा तरी जीसीसी सोर्समधून बांधून घ्यावा, तिन्ही टप्प्यांसह.