बाई आणि समुपदेशक यांचे जमायला हवे

मैत्रिणींनो, ‘मुलाला समुपदेशकांकडे पाठवा’ अशी चिठ्ठी शाळेतून आली की आपल्या पोटात गोळाच येतो. पण घाबरू नका. वर्गात शिकवणारी म्हणून सांगते, या कामी बाई आणि समुपदेशक यांचा मेळ बसला, तर पोराचे भलेच होते.

समुपदेशक मुलाला थोडा वेळ पाहतात, बाई मात्र रोज पाहतात. तेव्हा बाईंचे टिपण नेमके हवे. ‘आळशी आहे’ एवढ्याने काय कळणार? ‘फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळतो, घ-ध, भ-म यांत गोंधळतो, पण तोंडी उत्तर चटकन देतो’ असे लिहिले की धागा सापडतो. कदाचित ती अध्ययन अक्षमता असेल. तपासणीनंतरच ते ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तीही आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

समुपदेशकांकडूनही बाईंना निरोप हवा. मुलाने विश्वासाने सांगितलेले शिक्षकांच्या खोलीत चघळले जाऊ नये. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘पुढच्या बाकावर बसवा, सर्वांदेखत मोठ्याने वाचायला लावू नका’ एवढे बाईंना कळलेच पाहिजे.

आपण काय करायचे? दोघांना एकत्र भेटायची वेळ मागायची आणि ठरलेले वहीत टिपून ठेवायचे. नाहीतर बाई म्हणणार आळशी, आपण म्हणणार हट्टी, आणि पोर बिचारे तेच खरे मानून बसणार!