मेळघाटाची शिस्त मालवणच्या पाण्यात

सुटीचा हिशेब : बडनेराकर

आपल्या वऱ्हाडात समुद्राला जायचं म्हटलं की लोक आधी गोव्याचं पॅकेज शोधतात, मग अंदमानच्या विमानाचं भाडं बघतात आणि शेवटी सुटी चिखलदऱ्यालाच काढतात. चिखलदऱ्याला जरूर जा. पण प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायचे म्हणून कुणी पैसे साठवत असेल, तर त्याला अंदमानपर्यंत जायची गरज नाही. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटरचा. किल्ला, शेजारचा पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक त्यात येतात.

जायचं कसं? नागपूर–मडगाव ही विशेष गाडी बडनेरा, अकोला, भुसावळ करत पनवेलवरून कोकणात उतरते आणि कुडाळला थांबते. आठवड्यातून दोनदाच असते आणि विशेष गाड्यांचं वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून आधी खात्री करून घ्या. ती जमली नाही तर रात्रीची अमरावती–मुंबई एक्सप्रेस पकडायची आणि सकाळी मुंबईहूनच सुटणाऱ्या मांडवी एक्सप्रेसमध्ये बसायचं. मांडवीचा दिवसाचा प्रवास खिडकीजवळ बसून करावा असा आहे. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, एसटीने. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. आजी-आजोबांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा यात चांगलाच खर्च वाचतो. मुक्काम हॉटेलात नको. मालवण, तारकर्ली, देवबागला घरोघरी न्याहारी-निवासाची सोय आहे. खानावळीत सुरमईऐवजी बांगडा किंवा तारली मागा. ताजी असते आणि खिशाला झेपते.

इथवर काटकसर करा, मनापासून करा. पुढच्या गोष्टीत मात्र करू नका, एवढंच मला या आठवड्यात सांगायचं आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचे दर विचारत आपण फिरतो, एकाला दुसऱ्याचा दर सांगून खाली आणतो आणि सगळ्यात स्वस्त होडीत बसतो. दर पडला की होडीवाल्याला दिवसभरात जास्त माणसं पाण्यात उतरवावी लागतात. मग नांगर दिसेल तिथे पडतो, नवख्या माणसाला घाईघाईने खाली नेलं जातं आणि त्याचे पाय प्रवाळावर टेकतात. हा माझा नुसता तर्क नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणच्या याच पाण्यात अभ्यास केला आणि हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. प्रवाळ दगडासारखं दिसतं म्हणून लोक त्यावर निःशंक उभे राहतात. पण ती सूक्ष्म जीवांची वसाहत असते. इथले ढिगासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. ताटाएवढी वसाहत व्हायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात, आणि ती तुटायला एक नांगर पुरतो.

हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. १९७४ पासून आपल्या दाराशी मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. गाभ्यात मनाला येईल तसं शिरता येत नाही, जिप्सीतून खाली उतरायचं नाही, प्राण्याला खायला घालायचं नाही, हे आपली शाळकरी मुलंसुद्धा सांगतील. तीच मुलं मालवणला मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करतात, आणि आपण त्याचे फोटो काढतो. समुद्राला फाटक नाही, म्हणून आपण अभयारण्यात आहोत हे लक्षातच येत नाही. प्रवाळाला तर कायद्याने २००१ पासून वाघाच्याच अनुसूचीत जागा आहे. त्याचा तुकडा शोभेसाठी घरी आणणं गुन्हा आहे.

म्हणून दर विचारण्याआधी होडीवाल्याला तीन गोष्टी विचारा. नांगर कुठे टाकता? एका वेळी किती जणांना उतरवता? पाण्यात जाण्याआधी सराव किती वेळ देता? नीट उत्तर देणाऱ्याला तो मागेल ते द्या. आणि जाण्याआधी महिनाभर अमरावतीत पोहायला शिका. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहेच. ज्याला तरंगता येतं तो पाय टेकायला खडक शोधत नाही.

पाण्यात उतरायचे पैसे नसतील तरी हळहळू नका. मालवणच्या रॉक गार्डनला ओहोटीच्या वेळी जा. खडकांच्या खाचांत पाणी साचून राहतं आणि त्यात खेकडे, समुद्रफुलं, स्पंज, एखादा चुकला मासा दिसतो. त्यासाठी रिझर्वेशन तिथी बघून करावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि त्या दिवसांत ती पहाटे-सकाळी येते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा खडक फारसे उघडे पडत नाहीत. शेवाळ्यावरून पाय घसरतो, म्हणून पकड असलेली चप्पल घाला. एका खाचेपाशी शांत बसा. सुरुवातीला रिकामं वाटणारं पाणी हळूहळू हलायला लागतं. मुलांना हे दाखवण्याला मी पाण्याखालच्या दहा मिनिटांपेक्षाही जास्त महत्त्व देतो. महिना जानेवारीचा बरा. नाताळची गर्दी ओसरलेली असते आणि पाणीही नितळ असतं. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत पावसाळ्यामुळे होड्या बंद असतात.

अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या रापणीचं जाळं ओढणाऱ्याला त्याच्याच समुद्रात मज्जाव होणार असेल तर तो गप्प कसा बसेल? आज त्याच घरांतली पोरं पर्यटकांना प्रवाळ दाखवून पोट भरतात. प्रवाळ गेलं तर त्यांचं हेही उत्पन्न जाईल. वनखात्याने जेटीवर गाभ्याचा मोठा नकाशा लावावा, डायव्हिंगच्या प्रत्येक जागी होडी बांधायला कायमच्या बोया असाव्यात, म्हणजे नांगर टाकायचं कारणच उरणार नाही, आणि रोज किती माणसं उतरतील याची मर्यादा स्थानिक मच्छीमारांना सोबत घेऊन ठरवावी. त्यासाठी माणशी शुल्क लावलं तरी ते योग्यच होईल. मेळघाटात आपण प्रवेशशुल्क आणि गाईडचे पैसे कुरकुर न करता देतो.