पिशाच्चकथांमागील थडगीं

अद्भुत कथांमुळें मुलांच्या मनांत भुतांचें भय शिरतें, म्हणून त्या वाचूं देऊं नयेत, असें पुष्कळ पालक म्हणतात. आमचें मत निराळें आहे. अशा कथा अवश्य वाचाव्या; मात्र त्या कोणत्या समजुतींतून निपजल्या, हें जाणून वाचाव्या.

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी इ. स. १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. रात्रीं थडग्यांतून उठून जिवंतांचें रक्त पिणारें प्रेत, म्हणजे व्हँपायर, हा तिचा विषय. ही कल्पना एकट्या लेखकाची नव्हे. पूर्व युरोपांतील खेड्यांत माणसें पाठोपाठ मरूं लागलीं, म्हणजे आधीं मेलेल्यावर संशय येई. त्याचें थडगें उकरीत. प्रेत फुगलेलें व तोंडाशीं रक्त दिसलें, कीं छातींत खुंटी ठोकीत अथवा प्रेत जाळीत. वस्तुतः प्रेत कुजतांना आंत वायु सांचून तें फुगतें व तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो. हें ठाऊक नसल्यामुळें मृतांची विटंबना झाली. अखेर १७५५ सालीं ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिनें राजवैद्याच्या सल्ल्यानें असले प्रकार बंद करण्याचा हुकूम काढला.

तरीही १८९२ सालीं अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतांत काय घडलें पाहा. मर्सी ब्राऊन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयानें वारली. तिची आई व बहीण त्याच रोगानें पूर्वीं गेल्या होत्या. भाऊही आजारी होता. बापाचा विश्वास नसतांही शेजाऱ्यांच्या आग्रहामुळें तिचें प्रेत बाहेर काढण्यांत आलें. हिवाळ्याच्या थंडीमुळें तें कुजलें नव्हतें. लोकांस मात्र तोच पुरावा वाटला! तिचें हृदय जाळून राख भावास पाजली. दोन महिन्यांच्या आंत तोही मरण पावला. क्षयाचे जंतु डॉ. कॉख यांनीं दहा वर्षांपूर्वींच दाखवून दिले होते. त्या भागांतील अशा प्रकारांविषयींचें १८९६ सालचें एक वृत्तपत्राचें कात्रण स्टोकर यांच्या टिपणांत आढळतें.

कथेंतील पिशाच्च पुस्तक मिटल्यावर कोणास इजा करीत नाहीं. खरें मानलेलें पिशाच्च दुःखी कुटुंबास अधिकच छळतें. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, कथा वाचतांना अंगावर खुशाल कांटा येऊं द्या. परंतु घरांत कोणी आजारी पडल्यास देवऋष्याचें नव्हे, वैद्याचें ऐका. पालकांसही विनंति आहे कीं, पुस्तक हिरावून घेण्यापेक्षां मुलांजवळ बसून त्यामागील हा इतिहास त्यांस सांगावा.