आषाढीची गाडी नंदुरबारहून का नसावी?

आषाढी एकादशी जवळ आली की, आगगाडीने पंढरी गाठणाऱ्यास वारकरी म्हणावे काय, हा वाद हटकून निघतो. आम्हांस तो निरर्थक वाटतो. ‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून झाला. मूळ अर्थ नदीचा उतार. पैलतीरी पोहोचलेल्यास, पोहून आलास की नावेतून, असे कोणी पुसत नाही. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रूळवाट 1906 साली पंढरपुरास पोहोचली, तेव्हापासून कित्येक संसारी जनांस विठ्ठलदर्शन घडले ते रुळांमुळेच.

सातपुड्यातील मोलगीचा विचार करावा. आषाढात तेथे शेतीची कामे ऐन भरात. तीन आठवडे पायी चालण्यास सवड कोणास? तेथील भाविक देवगोईचा घाट उतरून, अक्कलकुवा, तळोदा करीत नंदुरबारला येतो. तेथे स्थानक आहे, सुरत-भुसावळ मार्ग 2018 साली दुहेरीही झाला. पण अलीकडे आषाढीची विशेष गाडी सुटते ती भुसावळहून! वृद्ध मातेला सांभाळीत, गाठोडे सावरीत त्याने आणखी एक गाडी बदलावी, आणि परततानाही तेच. नंदुरबार पश्चिम रेल्वेत आणि भुसावळ मध्य रेल्वेत, एवढीच अडचण असेल तर ती सीमा कचेरीतील आहे; पांडुरंगाने ती आखलेली नाही.

आमच्या लोकप्रतिनिधींनी एकादशीच्या शुभेच्छांचे फलक जरा कमी लावावेत आणि ही मागणी दोन्ही रेल्वेंकडे न्यावी. तीही ऐन आषाढात नव्हे, माघी वारीच्या सुमारासच.