मालक दुबईला, वाडी रेवदंड्याला

रेवदंड्याला नारळी-पोफळीची वडिलार्जित वाडी, तिच्यातच पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि बाजारात भाड्याने दिलेला एक गाळा. मालक नोकरीनिमित्त दुबईला! अशा गृहस्थाला कोणीतरी सांगतोच, "सगळे वाडीचेच उत्पन्न दाखवा, शेतीला कर नाही."

शेतीला प्राप्तिकर नाही हे खरे; मात्र इतर उत्पन्न करपात्र असले, तर कराचा दर ठरवताना तेही जमेस धरतात. (वाडी वडिलार्जित म्हणून बरे, अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही.) पण खोल्यांचे पैसे काही माडाला लागत नाहीत! तो सरळ धंदा. गाळ्याची तऱ्हा आणखी निराळी. मालक अनिवासी, म्हणून भाडेकऱ्याने ३० टक्के आणि त्यावरचा उपकर कापूनच भाडे द्यायचे. जास्त कापले गेले, तर विवरणपत्र भरून परत मागावे.

बायकोच्या नावावर करू म्हणाल, तर तिला बक्षीस दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पुन्हा नवऱ्याच्याच माथी. त्यापेक्षा खोल्या गावातला धाकटा भाऊ सांभाळत असेल, तर लेखी करार करून त्याला वाजवी मेहनताना द्यावा. तो धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. आणि दिवाळीला घरी आल्यावर ओटीवर बसून भांडायचे एक कारण कमी होते.