नव्वदाव्या दिवसाचा हिशेब

पानिपत हे नाव उच्चारले की मराठी मनाला १७६१ चा जानेवारी आठवतो. त्या पराभवाची वार्ता ज्या पत्राने दक्षिणेत पोहोचली असे सांगतात, त्यात मोती आणि मोहरा मोजलेल्या होत्या. खुर्दा किती गेला याची गणती नव्हती. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवरचे आजचे पानिपत हे हातमाग, घोंगड्या, गालिचे आणि सूतरंगाई यांचे शहर आहे. परंतु गणतीतून निसटणाऱ्यांचा प्रश्न तेथे आजही आहे, तो रुग्णालयांच्या नोंदवहीत.

रंग आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचे नाते जुने होय. १८९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील शल्यवैद्य लुडविग रेन यांनी फुक्सिन नावाचा रंग तयार करणाऱ्या कामगारांत या रोगाच्या गाठी आढळल्याचे सांगितले. पुढे बेन्झिडीनासारखी द्रव्ये दोषी ठरली, आणि बेन्झिडीनापासून होणाऱ्या रंगांवर भारत सरकारने १९९० च्या दशकात बंदी घातली. तथापि या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखू हे आहे. पानिपतच्या एखाद्या रंगाऱ्याला हा रोग जडला, तर त्याची विडी आणि हुक्का विसरून रंगाच्या हौदालाच दोष देणे घाईचे ठरेल.

असा रंगारी लघवीतून रक्त जाऊ लागले म्हणून दिल्लीच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात येतो, शस्त्रक्रिया होते, आणि ‘यशस्वी’ असा शेरा घेऊन तो घरी परततो. हा शेरा नेमका कशाचा? रुग्ण मेजावरून जिवंत उतरला, एवढाच त्याचा अर्थ असेल तर तो फार अपुरा आहे.

सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत गाठ प्रथम आढळते तेव्हा ती मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली नसते. अशी गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढतात. काढलेल्या तुकड्यात स्नायूचा अंश आला आहे काय, हे येथे पाहावे लागते. तो आला नसेल तर रोग किती खोल गेला हे कोणालाच सांगता येत नाही. मग वरवर स्वच्छ दिसणारे काम आंधळे ठरते. दुसरी कसोटी तीन महिन्यांनी लागते, कारण तेव्हा पुन्हा दुर्बिणीने पाहतात. युरोपातील सात चाचण्यांतील २४१० रुग्णांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकच गाठ असलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर अन्य औषध न दिलेल्या रुग्णांत, या पहिल्याच तपासणीत रोग पुन्हा दिसण्याचे प्रमाण एका संस्थेत शेकडा ३.४, तर दुसरीत २०.६ होते. रोग तोच, उपाय तोच. फरक बराचसा हाताचा असला पाहिजे.

स्नायूत शिरलेल्या रोगासाठी अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते आणि आतड्याच्या तुकड्यातून लघवीची नवी वाट करावी लागते. बहुधा ती पोटावर उघडते व तेथे पिशवी बांधावी लागते. न्यूयॉर्कच्या एका ख्यातनाम कर्करोग रुग्णालयाने अशा ११४२ रुग्णांचा हिशेब २००९ मध्ये मांडला, तेव्हा शेकडा ६४ जणांना नव्वद दिवसांत लहानमोठी काही ना काही गुंतागुंत झाली होती. आकडा मोठा दिसतो तो काम वाईट म्हणून नव्हे, शोध कसून घेतला म्हणून. ज्या रुग्णालयाचा आकडा फार लहान, तेथे रुग्णाला पुन्हा विचारले होते काय, हे वाचकाने आधी पाहावे.

विचारण्याची ही कल्पना बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांची. प्रत्येक रुग्णाची किमान वर्षभर चौकशी करावी आणि चूक झाली असेल तर ती छापावी, असा त्यांचा आग्रह होता. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका त्यांनी स्वतःच जाहीर केल्या. समव्यवसायी रुष्ट झाले, हे सांगावयास नकोच.

याला एक सबळ आक्षेप आहे. नुसते मृत्यूचे आकडे छापले तर शल्यवैद्य वृद्ध, दमेकरी, उशिरा आलेल्या रुग्णाला टाळतील. म्हणून वय, रोगाची पायरी, हृदय व मूत्रपिंड यांची स्थिती नोंदवूनच तुलना व्हावी. तसे न करता लावलेली गुणवारी ही शुद्ध अन्याय होय. पण या भयाने मोजणेच सोडणे त्याहून वाईट, कारण मग चांगला हात आणि कच्चा हात दोन्ही सारखेच दिसतात.

परगावी परतलेल्या रुग्णाला गाठणे अशक्य आहे, हे कारण मात्र ग्राह्य नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्णांचा माग घेत आले आहेत. पानिपतचा रंगारी तर एका दूरध्वनीच्या अंतरावर आहे. नव्वदाव्या दिवशी आणि वर्षाअखेर तो दूरध्वनी करण्याचे काम शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे देऊ नये, रुग्णालयाच्या नोंदणी-कारकुनाकडे द्यावे. जो सापडला नाही त्याला ‘बरा’ या रकान्यात ढकलू नये; ‘सापडला नाही’ असा निराळा रकाना ठेवावा आणि त्यातील संख्या इतर आकड्यांच्या शेजारीच छापावी.